सर्व्हेची जोडणी: ज्याला जो प्रश्न लागू, त्याला तेवढाच

माणसं, वस्तू, वेळ सगळं आधी ठरवून काम हाती घेतलं की कोल्हापुरात ‘जोडणी लावली’ म्हणतात. ऑनलाइन सर्व्हेतही तेच करायचं असतं, फक्त जोडणी प्रश्नांची असते. कुणाच्या उत्तरानंतर कोणता प्रश्न यावा, कुणाला कोणता भाग दिसूच नये आणि कुणाचा सर्व्हे कुठं संपावा, हे आधी ठरवायचं. फॉर्म तयार करणाऱ्या साधनांत याला लॉजिक, ब्रँचिंग किंवा स्किप लॉजिक अशी नावं आहेत. या लेखात अशा फुटणाऱ्या वाटेला आपण फाटा म्हणू, आणि ज्या उत्तरावरून वाट फुटते त्याला फाट्याचा प्रश्न.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. एखादं कॉलेज, तालीम मंडळ किंवा बचत गट पुराबद्दल घरोघरची माहिती गोळा करतोय. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, हे दोन पूर विचारायचे आहेत. कोल्हापूर शहर, करवीर, शिरोळ आणि बाकीचे तालुके असा संपूर्ण जिल्हा धरायचा आहे. लिंक व्हॉट्सॲपवरून जाणार, म्हणजे बहुतेक लोक मोबाइलवरच भरणार.

हा सर्व्हे फाट्यांशिवाय केला तर काय होतं? ज्याच्या घरात पाणी आलंच नाही, त्याला ‘घरात पाणी किती दिवस होतं?’ हा प्रश्न दिसतो. तो अंदाजानं काहीतरी भरतो, शून्य लिहितो, रिकामं सोडतो किंवा तिथूनच निघून जातो. यातलं कोणतं उत्तर खरं आणि कोणतं नुसतं भरायचं म्हणून भरलेलं, हे नंतर कळत नाही; निघून गेलेल्याची तर नोंदच उरत नाही. आणि ज्याचं घर खरंच बुडालं होतं, त्याला शंभर प्रश्नांतून वाट काढायला लावणं बरं नव्हे.

आधी कागद, मग फॉर्म

संगणक उघडायच्या आधी मोठ्या कागदावर प्रत्येक भागाचा चौकोन काढा, प्रत्येक फाट्याचा शंकरपाळ्यासारखा चौकोन काढा आणि बाणांनी जोडा. प्रत्येक शंकरपाळ्यातून उत्तराच्या जितक्या शक्यता तितके बाण निघाले पाहिजेत. ‘माहीत नाही’ ही सुद्धा शक्यता आहे. एकही बाण अर्ध्यावर लटकता कामा नये.

इथं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फाटे कमी करणं. सुरुवातीला डोक्यात येतं ते असं: २०१९ मध्ये इथं राहत होतात का? २०२१ मध्ये राहत होतात का? घर कधी घेतलं? असे तीन फाटे करण्याऐवजी एकच विचारा, ‘तुम्ही या घरात कधीपासून राहता?’ आणि पर्याय तीन द्या: २०१९ च्या पुराआधीपासून, २०१९ च्या पुरानंतर पण २०२१ च्या पुराआधीपासून, २०२१ च्या पुरानंतर. पहिला गट दोन्ही पुरांचे प्रश्न घेईल, दुसरा फक्त २०२१ चे, तिसरा थेट पुढच्या भागात जाईल. तीन फाट्यांचं काम एका प्रश्नात झालं.

काही फाटे तर नुसत्या शब्दांनी टळतात. ‘पंचगंगेची पातळी किती असताना घर सोडलं?’ असं विचारायचा मोह होतो, कारण राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी शहरात सगळ्यांच्या तोंडी असते. पण शिरोळ तालुक्यात कृष्णेचंही पाणी असतं, तिथं हा आकडा तितका कामाचा नाही. म्हणून तालुक्यानुसार दोन वेगळे प्रश्न करायला जाऊ नका. ‘पाणी कुठवर आल्यावर घर सोडलं?’ असं विचारा आणि पर्याय द्या: गावाच्या किंवा गल्लीच्या तोंडाशी, दारात, घरात शिरल्यावर, घर सोडलंच नाही. हा प्रश्न शिरोळमधल्या नृसिंहवाडीलाही चालतो आणि शहरातल्या सुतार वाड्यालाही. जो फाटा शब्द बदलून टळतो तो टाळावाच, कारण प्रत्येक फाट्यासोबत तपासायच्या वाटा वाढतात.

फाट्याचा प्रश्न कसा लिहावा

बाकी प्रश्न थोडा सैल असला तरी निभावतं. फाट्याचा प्रश्न चुकला तर माणूस अख्ख्या चुकीच्या भागात जातो, म्हणून त्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला.

नकारार्थी विचारू नका. ‘तुमच्या घरात पाणी आलं नव्हतं ना?’ याला कुणी ‘हो’ म्हटलं तर पाणी आलं होतं की नव्हतं, हे मराठीत दोन्ही बाजूंनी लागतं. एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका: ‘पाणी येऊन तुम्हाला घर सोडावं लागलं का?’ याला माळ्यावर चढून बसलेल्या कुटुंबानं काय उत्तर द्यायचं?

हो-नाहीवर सगळं बसत नाही हेही बघा. २०१९ मध्ये ज्यांच्या घरात थेंबभर पाणी शिरलं नाही, त्यांच्याही नळाला पाणी नव्हतं, आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद असल्यानं शहराची वाहतूक अडली होती. म्हणून पर्याय तीन हवेत: घरात पाणी आलं; घरात नाही, पण रस्ता किंवा पाणीपुरवठा बंद पडला; काहीच झळ लागली नाही. चौथा ‘नक्की आठवत नाही’ ठेवा आणि त्याला ‘काहीच झळ नाही’ या वाटेनंच पाठवा. नोंद मात्र वेगळी राहील.

आठवणीसाठी तारखेला सण जोडा. ५ ऑगस्ट २०१९ ला नागपंचमी होती, २० जुलै २०२१ ला आषाढी एकादशी. ‘नागपंचमीच्या आधी की नंतर?’ याला लोक चटकन उत्तर देतात. पाण्याची खोलीही फुटांत न विचारता घोट्यापर्यंत, गुडघाभर, कमरेएवढं, डोक्याच्या वर अशा मापांत विचारा.

आणि एका उत्तरावरून दुसरं गृहीत धरणारा फाटा लावू नका. ‘कोल्हापूर शहर’ निवडलं की जनावरांचे प्रश्न वगळायचे, हा फाटा कागदावर शहाणपणाचा दिसतो. पण शहरातल्याच गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून दूध देतात हे ठाऊक असलेला माणूस असा फाटा लावणार नाही. जनावरं आहेत का, ते सरळ सगळ्यांनाच विचारा.

पहिल्या पानावर एक वाक्य ठळक हवं: ‘हा पंचनामा नाही. ही माहिती दिल्यानं सरकारी मदत मिळणार किंवा थांबणार नाही.’ पुराची माहिती विचारायला कुणी आलं की लोकांना पहिल्यांदा पंचनामाच आठवतो, आणि मग उत्तरं त्या दिशेनं झुकतात. त्याच कारणानं ‘तुम्ही पूरग्रस्त आहात का?’ असा फाटा पहिल्याच पानावर नको. आधी ठिकाण, मग राहण्याचा काळ, मग पाणी, या क्रमानं जा. मोबाइल नंबर खरंच लागणार नसेल तर मागूच नका. वैयक्तिक माहिती घेणार असाल तर ती कशासाठी, कोण ठेवणार आणि कधी काढून टाकणार हे लिहून संमती घ्या; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं हा विषय आता नुसत्या सौजन्याचा राहिलेला नाही.

गुगल फॉर्म्समध्ये बांधणी

गुगल फॉर्म्समध्ये फाटा प्रश्नावरून प्रश्नाकडे जात नाही, विभागावरून विभागाकडे जातो. प्रश्नाच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत ‘गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर’ हा पर्याय असतो. तो फक्त मल्टिपल चॉइस आणि ड्रॉपडाउन या दोन प्रकारांत मिळतो. एकाहून जास्त पर्याय निवडता येणाऱ्या चेकबॉक्सला मिळत नाही, तक्त्यासारख्या ग्रिडलाही नाही.

आपल्या सर्व्हेचे विभाग असे पडतील:

१. माहिती आणि संमती. ‘नाही’ म्हणणारा १३ मध्ये.
२. ठिकाण. ‘जिल्ह्याबाहेर’ निवडणारा १३ मध्ये.
३. घरात कधीपासून. तीन उत्तरं: ४, ७ किंवा १० मध्ये.
४. २०१९ चा फाटा. घरात पाणी: ५. रस्ता किंवा पुरवठा बंद: ६. काही नाही किंवा आठवत नाही: ७.
५. २०१९, घरात पाणी: तपशील.
६. २०१९, रस्ता किंवा पुरवठा बंद: तपशील.
७. २०२१ चा फाटा. घरात पाणी: ८. रस्ता किंवा पुरवठा बंद: ९. काही नाही किंवा आठवत नाही: १०.
८. २०२१, घरात पाणी: तपशील.
९. २०२१, रस्ता किंवा पुरवठा बंद: तपशील.
१०. जनावरांचा फाटा. ‘नाहीत’ म्हणणारा १२ मध्ये.
११. जनावरांचा तपशील.
१२. सगळ्यांसाठी शेवटचे प्रश्न: वय, घर स्वतःचं की भाड्याचं, पुढच्या पुरासाठी तयारी.
१३. जे सर्व्हेत बसत नाहीत त्यांचे आभार.

आता जिथं जवळजवळ प्रत्येक नवखा फॉर्म चुकतो ती जागा. प्रत्येक विभागाच्या तळाशी ‘आफ्टर सेक्शन’ अशी ओळ असते आणि तिथं आपोआप ‘कंटिन्यू टू नेक्स्ट सेक्शन’ ठेवलेलं असतं. म्हणजे ५ व्या विभागात घरातल्या पाण्याचा तपशील भरून झालेला माणूस, तुम्ही काही केलं नाहीत तर, ६ व्या विभागात जातो आणि त्याला ‘घरात पाणी आलं नाही, पण…’ असे प्रश्न दिसतात. वरच्या मांडणीत ही ओळ तीन ठिकाणी हातानं बदलायची आहे: ५ नंतर ७, ८ नंतर १०, आणि १२ नंतर ‘सबमिट फॉर्म’. शेवटची विसरलात तर अख्खा सर्व्हे इमानानं भरलेल्या माणसाला शेवटी ‘तुम्ही या सर्व्हेत बसत नाही’ असं वाचावं लागेल.

दुसरी अडचण: एका विभागात फाट्याचे दोन प्रश्न ठेवले तर फक्त शेवटच्या उत्तराचा फाटा चालतो, आधीचा बाजूला पडतो. म्हणून नियम करा, एका विभागात फाट्याचा प्रश्न एकच, आणि शक्यतो तो एकटाच. ४, ७ आणि १० हे विभाग एकेका प्रश्नाचेच आहेत ते याचसाठी.

तिसरी: फाट्याचा प्रश्न ‘रिक्वायर्ड’ म्हणजे सक्तीचा हवाच. उत्तर न देता ‘नेक्स्ट’ दाबलं तर माणूस तळाच्या ओळीप्रमाणे पुढं जातो, म्हणजे ४ मधून थेट ५ मध्ये. तपशिलाचे प्रश्न मात्र सक्तीचे करू नका. नुकसानीचा आकडा सांगायचा नसेल तर त्याला पुढं जाता आलं पाहिजे, नाहीतर तो खोटा आकडा टाकेल.

चेकबॉक्सला फाटा नाही, यावर उपाय आहे. ‘खालीलपैकी कोणत्या वर्षी पाणी आलं?’ असा चेकबॉक्स करण्याऐवजी प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र फाटा करा. वर ४ आणि ७ हेच करतात. ‘यांपैकी काहीच नाही’ या पर्यायाचंही तसंच आहे. चेकबॉक्समध्ये तो ठेवला की कुणीतरी ‘भांडी, धान्य, यांपैकी काहीच नाही’ असं तिन्ही निवडतो आणि गुगल फॉर्म्स त्याला अडवत नाही. आधी ‘काही सामान खराब झालं का?’ विचारा आणि ‘हो’वाल्यांनाच यादी दाखवा.

प्रगतीची पट्टी बंद ठेवा. ती विभाग मोजते, आणि २०२१ नंतर राहायला आलेला माणूस ३ वरून एकदम १० वर उडी मारतो. आपलं काहीतरी राहिलं असं वाटून तो मागं जातो. त्याऐवजी पहिल्या पानावर वेळ लिहा, आणि सगळ्यात लांब वाटेला लागणारी वेळ लिहा.

मागचं उत्तर पुढच्या प्रश्नात

काही साधनांत आधी दिलेलं उत्तर पुढच्या प्रश्नाच्या वाक्यात आपोआप येतं. त्याला पायपिंग म्हणतात. गुगल फॉर्म्समध्ये ही सोय नाही, लाइमसर्व्हे किंवा कोबोटूलबॉक्समध्ये आहे. इंग्रजीत ती सहज बसते, मराठीत मात्र लिंग आणि विभक्ती आडवी येते. ‘तुमच्या … ला पुरात कुठं हलवलं?’ या रिकाम्या जागी ‘म्हैस’ आली की ‘तुमच्या म्हैस ला’ होतं; व्हायला हवं ‘म्हशीला’. ‘तुमचा गाय’ हाही त्यातलाच प्रकार. असं वाक्य वाचून माणसाला फॉर्म कुणीतरी घाईत जुळवलाय असं वाटतं. उपाय साधा आहे: येणारा शब्द वाक्याबाहेर, प्रथमेत ठेवा. ‘जनावर: म्हैस. या जनावराला पुरात कुठं हलवलं?’ असं लिहिलं की कोणताही शब्द आला तरी व्याकरण मोडत नाही.

घरोघर जाऊन भरायचं असेल तर

कार्यकर्ते मोबाइल घेऊन गावोगाव फिरणार असतील तर कोबोटूलबॉक्स घ्या. त्याचं कोबोकलेक्ट ॲप अँड्रॉइडवर रेंज नसतानाही चालतं आणि रेंज आली की माहिती पाठवतं. इथं विभागांच्या उड्या नसतात. प्रत्येक प्रश्नाला ‘रिलेव्हंट’ ही अट जोडतात: अट खरी असेल तरच प्रश्न दिसतो. चेकबॉक्सवरही अट चालते, त्यासाठी ‘सिलेक्टेड’ हे फंक्शन वापरावं लागतं. नुसतं बरोबरचं (=) चिन्ह टाकलं तर एकाहून जास्त पर्याय निवडल्यावर अट फसते. ‘यांपैकी काहीच नाही’ हा पर्याय एकटाच निवडता यावा, असं बंधन ‘कन्स्ट्रेंट’मध्ये घालता येतं. घरात चार जनावरं असतील तर तेच प्रश्न चारदा विचारणारा ‘रिपीट’ गट करता येतो.

जिल्ह्यात बारा तालुके आणि हजाराहून जास्त गावं. ती एका यादीत दिली तर मोबाइलवर बोट दुखेपर्यंत सरकवत बसावं लागेल. ‘चॉइस फिल्टर’ लावून आधी तालुका विचारा, मग फक्त त्याच तालुक्यातली गावं दाखवा. अटी नेहमी पर्यायाच्या सांकेतिक नावावर लावा, दिसणाऱ्या मराठी मजकुरावर नको. म्हणजे नंतर ‘हातकणंगले’चं शुद्धलेखन सुधारलं तरी अट तुटत नाही.

वाटा चालून बघणं

आपल्या तेरा विभागांत किती वाटा आहेत ते मोजा. आधीपासून राहणाऱ्यांच्या २०१९ च्या तीन, २०२१ च्या तीन आणि जनावरांच्या दोन: तीन गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे १८. मधल्या काळात आलेल्यांच्या ६. शेवटच्या गटाच्या २. एकूण २६, शिवाय संमती न देणारा आणि जिल्ह्याबाहेरचा. सगळ्या चालणं अवघड आहे, पण प्रत्येक बाण निदान एकदा तरी चालून झालाच पाहिजे. त्यासाठी सात काल्पनिक माणसं पुरतात (‘आठवत नाही’ तेवढं वेगळं दाबून बघा):

शिरोळच्या आजी: आधीपासून इथं, दोन्ही वेळा घरात पाणी, म्हैस आहे. शाहूपुरीतला दुकानदार: आधीपासून इथं, २०१९ ला रस्ता बंद, २०२१ ला काही नाही, जनावरं नाहीत. पन्हाळ्याच्या बाजूचा शेतकरी: आधीपासून इथं, २०१९ ला काही नाही, २०२१ ला रस्ता बंद, जनावरं आहेत. २०२० मध्ये शहरात आलेली भाडेकरू: २०२१ ला घरात पाणी, जनावरं नाहीत. २०२२ ला कागलला आलेलं कुटुंब: जनावरं आहेत. सहावा संमती नाकारतो, सातवा सांगलीचा आहे.

प्रत्येकापुढं अपेक्षित विभागांचे आकडे आधीच लिहून ठेवा. आजींचे १, २, ३, ४, ५, ७, ८, १०, ११, १२. मग फॉर्म भरताना प्रत्यक्ष कोणते विभाग दिसले ते बाजूला लिहा. दोन रांगा जुळल्या नाहीत तर कोणता बाण चुकला ते तिथंच कळतं. हे काम फॉर्म बनवणाऱ्यानं एकट्यानं करू नये. त्याची बोटं आपोआप बरोबर वाटेनं जातात.

एक चाचणी हमखास राहते: मागं जाऊन उत्तर बदलणं. ‘घरात पाणी आलं’ निवडा, तपशील भरा, ‘बॅक’ दाबून ‘काहीच झळ नाही’ करा आणि सबमिट करा. आता उत्तरं जमा होतात त्या शीटमध्ये तो सोडून दिलेला तपशील आला का, ते बघा. साधनं याबाबत एकसारखी वागत नाहीत, म्हणून तुमचं कसं वागतं ते लिंक पाठवायच्या आधी माहीत हवं. तशीच देवनागरी अंकांची चाचणी घ्या. काही जण ‘५’ असंच टाइप करतात. फॉर्म ते स्वीकारतो का आणि शीटमध्ये त्याची बेरीज होते का, ते पाहा. होत नसेल तर आकड्याच्या जागी ड्रॉपडाउन द्या.

लिंक गेल्यावर

पहिले २०-२५ प्रतिसाद आले की थांबून शीट उघडा. एखादा विभाग अगदी रिकामा दिसत असेल तर बाण तुटलाय की तसा माणूस अजून आलेला नाही, हे त्या सात जणांपैकी एकाचा फॉर्म पुन्हा भरून तपासा. चाचणीच्या नोंदी मोजणीआधी काढून टाका. पर्यायांचे शब्द या टप्प्यावर बदलू नका: जुनी उत्तरं जुन्या शब्दांतच राहतात आणि एकाच उत्तराचे दोन गट होतात. बदलणं अटळ असेल तर वेळ लिहून ठेवा, म्हणजे ‘टाइमस्टॅम्प’च्या रकान्यावरून आधीच्या आणि नंतरच्या नोंदी वेगळ्या करता येतील.

शीटमध्ये रिकामा चौकोन दिसला की त्याचे दोन अर्थ असू शकतात: प्रश्न विचारलाच नाही, किंवा विचारला पण उत्तर दिलं नाही. मोजणीच्या आधी फाट्याचा रकाना बघून प्रत्येक रिकाम्या जागी ‘लागू नाही’ किंवा ‘उत्तर नाही’ असं भरून घ्या. हे सूत्र लावून करता येतं आणि अर्ध्या तासात होतं.

मग टक्केवारी. समजा ४०० जणांनी फॉर्म भरला. त्यांतले २५० जण २०१९ च्या आधीपासून त्या घरात होते, १०० जणांच्या घरात तेव्हा पाणी आलं आणि त्यातल्या ६० कुटुंबांनी घर सोडलं. ‘१५ टक्के लोकांनी घर सोडलं’ हेही गणितानं बरोबर, ‘२४ टक्के’ही बरोबर आणि ‘६० टक्के’ही बरोबर; भागाकार कशानं केला एवढाच फरक. वॉर्डात किती जणांची सोय लागेल, हे ठरवताना २४ कामाचा. घरात पाणी आलेल्यांपैकी किती जण हलले, हे बघताना ६०. १५ चा उपयोग जवळजवळ कशालाच नाही, कारण त्यात २०१९ ला इथं नसलेलेही मोजलेत, आणि गुगल फॉर्म्सच्या तयार आलेखात हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी दिसत नाहीत. म्हणून अहवालातल्या प्रत्येक टक्क्याखाली त्याचा पाया लिहा: ‘२०१९ मध्ये घरात पाणी आलेली १०० कुटुंबं’.